मिस्त्री, मासा आणि पावणेआठचा फोन

स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला दोऱ्याने एक पिवळा पुठ्ठा टांगला होता. त्यावर ठळक छापील अक्षरं होती: ‘काम चालू आहे. कळ दाबू नये.’ आत मिस्त्री मासा करत होते.

पुठ्ठा त्यांच्या कामावरचा. मिस्त्री गेली बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आले होते. लिफ्ट बंद करून आत शिरायचं असलं की मजल्यामजल्यावर असा एकेक पुठ्ठा लावायचा, नाहीतर घाईतलं कोणीतरी कळ दाबतं आणि पुढचं बोलायला नको. त्यांच्या पिशवीत असे पन्नासेक पुठ्ठे कायम असत. गल्लीत, कामावर, घरात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा. लग्नानंतर नुसतं ‘अहो’ म्हणताना तिला हसू यायचं आणि नाव घेताना जीभ अडखळायची, म्हणून तिने हा मधला रस्ता काढला होता.

घरात माणसं चार. मिस्त्री, त्यांची बायको, बारा वर्षांची मुलगी आणि सासरे. मुलगी एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत. सासरे म्हणजे आप्पा. आयुष्यभर पत्रं वाटून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी ते लेकीकडे आठ दिवसांसाठी आले होते, आणि ते आठ दिवस अजून चालू होते.

त्या घरात एक रीत होती. संध्याकाळी साडेसातला सगळ्यांनी टेबलाशी बसायचं, आणि जो घरी नसेल त्याचं ताट सगळ्यांत आधी वाढायचं. उरलंसुरलं त्याच्यासाठी ठेवायचं नाही. माशाचा मधला जाड तुकडा, कोंबडीची चांगली तंगडी आधी त्याच्या ताटात जायची, त्यावर दुसरं ताट पालथं पडायचं, आणि मग बाकीच्यांनी जेवायचं. ही रीत बायकोने घातली होती, नवऱ्यासाठी. लिफ्ट काही माणसाची वेळ बघून बंद पडत नाही. कितीतरी संध्याकाळी मिस्त्री ग्रीसने माखलेले घरी आले आणि ओट्यावर ते झाकलेलं ताट त्यांची वाट बघत होतं. वरचं ताट उचललं की वाफ चेहऱ्यावर यायची. त्या वाफेत दिवसभराचा थकवा थोडासा विरघळतो असं त्यांना वाटायचं, पण हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता ताट उलटं फिरलं होतं. घरी नसायची ती बायको.

ती रुग्णवाहिकांच्या कार्यालयात होती. बरीच वर्षं तिने तिथे दिवसा कागद लावले, याद्या केल्या. मग फोनच्या खोलीतली एक जागा रिकामी झाली. तिथे लोकांचे फोन येतात: कोणी पडलंय, कोणाचा श्वास अडकलाय. फोन घेणाऱ्याने पत्ता विचारायचा, गाडी पाठवायची आणि गाडी पोचेपर्यंत पलीकडच्या माणसाशी बोलत राहायचं. वेळ दुपारी दोन ते रात्री दहा. तिला महिनाभर बसवून बघणार होते. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा दमून गेली होती, पण डोळे असे होते की मिस्त्रींना वाटलं हिच्या आत कोणीतरी दिवा लावलाय.

“पलीकडचा माणूस आधी नुसता ओरडत असतो,” ती सांगत होती. “मी हळू बोलत जाते. मग तोही हळू होतो. त्याचा श्वास खाली बसताना मला ऐकू येतो, मिस्त्री.”

वीस वर्षांत कागदांच्या याद्यांबद्दल ती असं काही बोलली नव्हती.

पण लगेच तिने बोट वर केलं. “महिनाभर बघू. शेवटच्या शुक्रवारी मला हो की नाही ते सांगायचंय. घर डगमगलं तर मी आपली परत दिवसाच्या टेबलावर. आप्पांचं वय झालंय, भिंगरी वाढत्या वयाची. पाच दिवस त्यांनी पाव-लोणी खाऊन झोपायचं, हे मला चालणार नाही.”

“डगमगणार नाही,” मिस्त्री म्हणाले.

“तुम्हाला चहा येतो फक्त.”

“चहा चांगला येतो.”

ती हसली, पण बोट खाली केलं नाही. मिस्त्रींना त्या क्षणी कळलं की तिचं हो किंवा नाही आता आपल्या तव्यावर आहे. सुट्टीचे दोन दिवस ती घरी असणार होती. प्रश्न मधल्या पाच संध्याकाळींचा होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी अर्धी रजा घेतली, आणि तिने जायच्या आधी त्यांना ओट्यापाशी उभं केलं. मिस्त्रींनी वही काढली.

“मासा किती मिनिटं ठेवायचा?”

“होईपर्यंत.”

“झाला हे कसं कळणार?”

“बघून.”

“काय बघून?”

“हे बघा, मी इतकी वर्षं मासा करतेय, घड्याळ कधी बघितलं नाही. तुम्ही नुसता आवाज ऐकून सांगता ना, लिफ्टचा कुठला भाग घासतोय ते? तसंच असतं.”

“त्याला बावीस वर्षं लागली.”

“तुमच्याकडे महिना आहे,” असं म्हणून ती पर्स उचलून गेली.

पहिल्या संध्याकाळी मासा तव्याला असा चिकटला की खरवडून काढावा लागला. आप्पांनी ताटात बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

“जावईबापू, हा कितव्या मजल्यावरून पडला?”

भिंगरी इतकी हसली की तिला ठसका लागला. मिस्त्रीही हसले. पण मनात त्यांनी गाठ बांधली. यंत्र पहिल्या दिवशी बिघडलं म्हणून कोणी ते टाकून देत नाही. दोष शोधायचा. आणि दोष शोधायची त्यांची एक पक्की पद्धत होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि लिफ्ट सुरू झाली तर कशाने झाली ते कळत नाही, आणि जे कळलं नाही ते पुन्हा बिघडतं.

त्याप्रमाणे ते कामाला लागले. बाजाराच्या तोंडाशी एक मासेवाली बसायची. मिस्त्री रोज तिच्याकडून एकाच जातीच्या पांढऱ्या माशाचे चार तुकडे घ्यायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढून तुकड्याची जाडी मोजली, तेव्हा मावशीने सुरी खाली ठेवली.

“भाऊ, नट घ्यायला आलायस की मासा?”

“जाडी सारखी पाहिजे मावशी. नाहीतर कालचं आजला लागू होत नाही.”

“मासा पाण्यात असताना त्याला सांगायला पाहिजे होतंस, बाबा रे, अडीच सेंटीमीटरवर थांब.” तिने शेजारच्या भाजीवालीला कोपर मारलं. “याची बायको फोनवर लोकांचे जीव वाचवते आणि हा इथे माझा घेतोय.”

मंगळवारी मिस्त्रींनी तवा जास्त तापवला. बुधवारी मासा कपड्याने टिपून कोरडा केला. गुरुवारी लिंबू आधी न पिळता नंतर पिळलं. शुक्रवारी लसूण तेलात आधी न घालता शेवटी घातला. बाकी सगळं तसंच: तोच मासा, त्याच्या एका बाजूला उकडलेल्या बटाट्यावर लोणी आणि मिरपूड, दुसऱ्या बाजूला कच्च्या गाजराचे चार तुकडे. बटाट्याच्या जागी काही दुसरं करावं असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण मग चव बदलली ती माशामुळे की बटाट्यामुळे, हे कसं कळणार?

रोज आधी बायकोचं ताट वाढलं जायचं. त्यावर पालथं ताट, आणि त्याच्या कडेला मिस्त्री एक पिवळा पुठ्ठा अडकवायचे. कोऱ्या बाजूवर लिहायचे: ‘मासा, सात मिनिटं. सगळं ठीक.’ ती घरी यायची तेव्हा ते झोपलेले असत आणि ते कामाला जात तेव्हा ती झोपलेली असे. त्यामुळे नवराबायकोचं बोलणं आता पुठ्ठ्यावर चालायचं. सकाळी ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं आणि पुठ्ठ्यावर तिचं अक्षर असायचं: ‘छान.’

पावणेआठला तिला दहा मिनिटांची सुट्टी मिळायची. तेव्हा ती घरी फोन करायची. फोन हातोहात फिरायचा.

“मस्त झालंय,” भिंगरी म्हणायची.

“उत्तम,” आप्पा म्हणायचे. “तू इथली काळजी करू नकोस.”

“सगळं ठीक,” मिस्त्री म्हणायचे.

आणि पलीकडे ती क्षणभर गप्प राहायची. मिस्त्रींना वाटायचं, दमली असेल.

तिघांनी काही आपापसांत ठरवलं नव्हतं. आप्पांना लेकीचं कौतुक होतं. टपालाच्या पिशव्या वाहून त्यांनी तिला शिकवलं होतं, आणि आता शहरभरचे लोक संकटात तिच्या आवाजाला धरून राहतात, हे ते बागेतल्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून आले होते. भिंगरीला आईच्या डोळ्यांतला तो दिवा दिसला होता. आपण तक्रार केली तर तो विझेल, असं तिचं साधं गणित. म्हणून ती मासा चावायची आणि मस्त म्हणायची.

नवव्या संध्याकाळी मात्र तिचा बांध फुटला. तिने काटा खाली ठेवला.

“बाबा, एक विचारू? हा तोच मासा आहे ना?”

“तोच कसा? आज मीठ दहा मिनिटं आधी लावलंय.”

“पण तोच आहे ना?”

“जात तीच आहे.”

“आणि बटाटा?”

“बटाटा बदलून चालणार नाही.” मिस्त्रींनी तिला आपली पद्धत नीट समजावून सांगितली. एका वेळी एक गोष्ट. अजून तीन-चार दिवसांत मासा पक्का होईल, मग बटाट्याला हात घालू.

आप्पांनी डोळे मिटले. “म्हणजे गाजराची पाळी येईपर्यंत मी असेन का, तेवढं सांगा.”

“आप्पा, लिफ्ट रोज वर जाते. कोणी म्हणतं का, कालही वरच गेली होती?”

“लिफ्टमध्ये माणसं बदलतात, जावईबापू. इथे तीच तीन आहेत.”

मिस्त्रींनी ताटातल्या माशाकडे, मग गाजराकडे बघितलं. मग त्यांना एकदम हसू फुटलं, आणि ते हसले म्हणून बाकीचे दोघंही. पावणेआठला फोन वाजला. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“मस्त,” भिंगरी फोनवर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मासेवालीकडे गेले, पट्टी खिशातच ठेवली आणि म्हणाले, “मावशी, घरचे कंटाळले.”

“नऊ दिवस मी पण तेच सांगतेय. आज कोंबडीवाल्याकडे जा.”

कोंबडीवाल्याने त्यांना तंगड्या दिल्या आणि हाडासकटच करायला सांगितलं. “हाड असलं की थोडं पुढेमागे झालं तरी सांभाळून घेतं. नवीन माणसाला हाड बरं.” मिस्त्रींनी मोठ्या पातेल्यात तळाला कांद्याच्या जाड चकत्या घातल्या, वर बटाट्याच्या फोडी, वर मीठ-मिरपूड-लसूण चोळलेल्या तंगड्या, आणि झाकण ठेवून गॅस बारीक केला. पाणी घातलं नाही. कांद्याचंच सुटलं. चाळीस मिनिटं त्यांना काही करायचं नव्हतं, तर ते झाकणाला कान लावून उभे राहिले. आधी नुसती खळखळ होती. मग आवाज जाड झाला. मग हळूहळू कोरडा, बारीक, तेलात बोट फिरवल्यासारखा. मिस्त्रींनी झाकण उघडलं. कांदा सोनेरी झाला होता आणि मांस हाडावरून आपण होऊन सुटत होतं.

घड्याळ बघायचं ते विसरून गेले होते. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते एकटेच ओट्यापाशी थोडे लाजले.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. एकदा बांगडा केला, कातड्याची बाजू खाली, आणि सोबत काकडी-दही. एकदा कोबी उभा चिरून नुसत्या लोण्यात परतला, इतका कमी की दाताखाली करकर वाजत होता. आप्पांनी त्याबद्दल दातांची तक्रार केली आणि दुसऱ्यांदा मागून घेतला. मासाही सुधारला. तव्यावर पडल्यावर तो आधी चिडल्यासारखा तडतडतो, मग त्याचा राग उतरतो, आणि आवाज उतरला की उलटायचा. तव्याला चिकटला असेल तर त्याची अजून वेळ झालेली नाही. झाला की तो स्वतःच सोडतो. हे मिस्त्रींनी वहीत लिहिलं नाही. लिहिता आलं नसतं.

पण सगळं काही साधलं होतं असं नाही. एकदा भात तळाला लागला. एकदा कोंबडी आतून गुलाबी राहिली म्हणून साडेसातला परत गॅसवर चढवली. एकदा भिंगरीला दही इतकं आंबट लागलं की तिने तोंड धुतलं. आणि त्या त्या दिवशी पावणेआठच्या फोनवर तीच तीन उत्तरं गेली. मस्त. उत्तम. सगळं ठीक.

मिस्त्रींना आपल्या कामातली एक गोष्ट अभिमानाने सांगायची सवय होती. प्रत्येक लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत एक वही असते. येणारा मिस्त्री त्यात काय बघितलं ते लिहून जातो. “ज्या वहीत महिनोन्‌महिने नुसतं ठीक, ठीक, ठीक लिहिलेलं असतं,” ते जेवताना सांगायचे, “ती लिफ्ट मी आधी उघडतो. चालणारं यंत्र थोडं तरी कुरकुरतं. जिथे कुरकुरच नाही, तिथे एकतर कोणी बघितलेलं नाही, नाहीतर बघून लपवलंय.” भिंगरीला हे इतकं पाठ होतं की ती त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची. पण स्वतःच्या घरचे पुठ्ठे लिहिताना त्यांना ते एकदाही आठवलं नाही.

महिना संपत आला. उद्या शेवटचा शुक्रवार. मिस्त्रींनी ठरवलं, गुरुवारी असा मासा करायचा की झाकलेलं ताट उघडल्यावर तिच्या मनात शंकेला जागाच राहू नये. दुपारीच त्यांनी मासेवालीकडून चार तुकडे घेतले. मावशीने ते बर्फात नीट बांधून दिले आणि सुटे पैसे परत करताना म्हणाली, “आज मोजलं नाहीस?”

“डोळ्यांनी मोजलं.”

“शिकलास.”

सहाला पाच मिनिटं कमी होती. मिस्त्री हत्यारं आवरत होते तेवढ्यात फोन आला. कार्यालयांच्या एका उंच इमारतीत लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे अडकली होती. आत तीन माणसं आणि एक वाढदिवसाचा केक. दुसरा मिस्त्री शहराच्या पार पलीकडच्या टोकाला होता.

मिस्त्रींनी हातातल्या माशाच्या पिशवीकडे बघितलं. मग निघाले.

इमारतीत पोचल्यावर त्यांनी दारावर थाप मारून आतल्यांना आवाज दिला, बर्फाची पिशवी यंत्राच्या खोलीत सावलीला ठेवली आणि दिवे लावले. पाच मिनिटांत त्यांना कळलं की हे अर्ध्या तासाचं काम नाही. त्यांनी घरी फोन लावला.

“भिंगरी, मी अडकलोय. म्हणजे मी नाही, तीन माणसं. मला साडेआठ तरी होतील.”

“बरं.”

“बरं काय? जेवणाचं काय? मासा माझ्याकडे आहे.”

“बाबा, तू आधी माणसं काढ. आम्ही बघतो.”

“गॅस—”

“मला येतो. आप्पा आहेत. ठेवू?”

“आईचा फोन आला तर तिला सांग,” मिस्त्री थांबले. “सांग, सगळं ठीक.”

पुढचे दोन तास त्यांचे हात काम करत होते आणि लक्ष घड्याळाकडे होतं: आधी सात, मग साडेसात. आता टेबल रिकामं असेल. आप्पा पावाला लोणी लावत असतील. पावणेआठ. आता फोन वाजला असेल. महिनाभर घर सांभाळलं आणि नेमकं शेवटच्या संध्याकाळी ते डगमगलं, तेही तिला कळणार अशा वेळी. त्यांनी कधी नव्हे तो पाना खाली पाडला.

सव्वाआठला दार उघडलं. तिन्ही माणसं आरामात जमिनीवर बसली होती. केकचा नुसता पुठ्ठा उरला होता.

“सॉरी मिस्त्री,” त्यातली एक बाई ओठ पुसत म्हणाली, “तुमच्यासाठी ठेवणार होतो, पण तुम्हाला फार उशीर झाला.”

नऊला दहा मिनिटं कमी असताना ते घरी पोचले. स्वयंपाकघराच्या कडीला पिवळा पुठ्ठा लटकत होता: ‘काम चालू आहे. कळ दाबू नये.’ आत ओट्यावर भाजलेल्या कांद्याचा आणि टोमॅटोचा वास रेंगाळत होता. सिंकमध्ये एवढी भांडी होती की चार माणसांचं नाही, चाळीस माणसांचं जेवण झालंय असं वाटावं. आप्पा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. आणि ओट्यावर शेजारी शेजारी दोन ताटं होती. दोन्हींवर पालथी ताटं. एक बायकोचं, एक त्यांचं.

मिस्त्रींनी माशाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवली आणि हात धुऊन बसले. वरचं ताट उचललं. वाफ फारशी उरली नव्हती, थोडी होती. खिमा, कांदा, टोमॅटो आणि मटार, सोबत कुस्करलेला बटाटा. बटाट्यात बोटाएवढ्या गुठळ्या. त्यांनी घास घेतला. मीठ जास्त होतं आणि मटार दाताखाली टणक लागत होते.

“कसं झालंय?” भिंगरी समोर हनुवटी टेकून बसली होती.

मिस्त्रींच्या ओठांवर ‘मस्त’ आला होता. तो का कोण जाणे बाहेर पडला नाही. “मीठ जास्त झालंय.”

“आप्पांनी दोनदा टाकलं. आधी विचारलं पण नाही.”

“मला वाटलं हिने टाकलं नाही,” आप्पा डोळे न उघडता म्हणाले.

“खिमा कुठून आणला?”

“आप्पा गेले. चालत. त्या गुडघ्यांनी.”

“पत्रं वाटायचो तेव्हा याच गुडघ्यांनी सहा मजले चढायचो,” आप्पा म्हणाले. “तुमच्या लिफ्ट तेव्हाही बंदच असायच्या.”

मिस्त्रींनी ताट पुसून काढलं. मग दबकत विचारलं, “आईचा फोन?”

“आला होता.”

“काय सांगितलंस?”

भिंगरीने जांभई दिली. “आठवत नाही. जेवत होतो ना.”

ते त्या रात्री नीट झोपले नाहीत. सकाळी सहाला उठून सरळ ओट्यापाशी गेले. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. त्याच्या कडेला एक नाही, दोन पुठ्ठे अडकवलेले होते, आणि दोन्हींवर काठोकाठ अक्षर होतं. मिस्त्री खिडकीपाशी गेले आणि उभ्यानेच वाचायला लागले.

‘काल पावणेआठला फोन केला तर भिंगरीने उचलला. म्हणाली, बाबा लिफ्टवर अडकलाय, मटार कच्चे राहिलेत, आप्पांनी मीठ दोनदा टाकलंय, बटाटा कुस्करताना वाटी फुटली, आणि आई आता ठेव, गार होतंय. ठेवलासुद्धा. मिस्त्री, महिनाभर तुम्ही तिघं मला रोज छान-छान सांगत होता आणि मला रोज वाटायचं, काहीतरी लपवताय. ओळीने ठीक लिहिलेल्या वहीचं तुम्हीच सांगता ना? मी दिवसभर अनोळखी माणसांचं खरं ऐकते, आणि घरचंच मला कोणी खरं सांगत नव्हतं. म्हणून मी नाही म्हणायचं ठरवत आणलं होतं.’

मिस्त्रींनी दुसरा पुठ्ठा उलटा धरला होता. तो सुलटा केला.

‘काल पहिल्यांदा घरची कुरकुर ऐकू आली आणि माझा श्वास खाली बसला. तुम्ही नव्हतात तरी ते जेवत होते, आणि मला फोन ठेवायला सांगत होते. सुट्टी संपायच्या आत मी साहेबांकडे गेले आणि हो सांगून टाकलं. शुक्रवारपर्यंत थांबले नाही. मीही तुम्हाला रोज छान लिहीत होते, हे खरं आहे. सहाव्या दिवशीचा मासा मी खिडकीबाहेर मांजरीला घातला. ती परत आली नाही. ता. क. कालचा मासा कुठाय?’

मिस्त्रींनी दोन्ही पुठ्ठे पुन्हा वाचले. समोरच्या इमारतीत कोणीतरी पडदे उघडत होतं. मग त्यांनी फ्रिजचं दार उघडून बघितलं. बर्फात बांधलेले चार तुकडे रात्रीपासून तिथे शांत पडून होते.

संध्याकाळी त्यांनी कडीला पुठ्ठा लावला नाही. भिंगरीला गाजर चिरायला बसवलं आणि आप्पांना मिठाच्या डब्यापासून लांब. मासा तव्यावर पडला, तडतडला, आणि त्याचा राग उतरायची वाट बघत असताना भिंगरीने काहीतरी विचारलं. मिस्त्री उत्तर द्यायला वळले. तेवढ्यात आवाज उतरून पुढे गेलासुद्धा.

मधला जाड तुकडा बायकोच्या ताटात गेला, तिघं बसले, आणि पावणेआठला फोन वाजला. या वेळी मिस्त्रींनी उचलला.

“कसा झालाय?” तिने विचारलं.

“एका बाजूने करपलाय,” मिस्त्री म्हणाले.

“कितपत?”

त्यांनी काट्याने तुकडा उलटून बघितला. “बराच.”

पलीकडे ती हसली, मोकळं, पोटातून. महिन्याभरात फोनवर ती अशी हसली नव्हती.

“मग दुसऱ्या बाजूने खा,” ती म्हणाली. “आणि आता ठेवा, गार होतंय.”